घरी बनवलेला जुना पॉवर ॲम्प्लिफायर: आतलं सर्किट कोणत्या जातीचं, कसं ओळखायचं?

सोल्डरगन

हाताने जोडलेला एक जुना स्टिरिओ पॉवर ॲम्प्लिफायर दुरुस्तीला घेतला आहे. सर्किटचा कागद नाही, बोर्डावर नाव नाही, बनवणाऱ्याची एकही खूण नाही. दिसतं ते असं:

ॲल्युमिनियमची चासी, एक ट्रान्सफॉर्मर, एक ब्रिज रेक्टिफायर, ४७०० मायक्रोफॅरड ६३ व्होल्टचा एकच मोठा कंडेन्सर. मागच्या बाजूला दोन हीटसिंक, प्रत्येकावर टीओ-३ प्रकारच्या कवचाचे दोन धातूचे ट्रान्झिस्टर. चारही २एन३०५५. स्पीकरच्या प्रत्येक टर्मिनलपाशी २२०० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कंडेन्सर. प्रत्येक चॅनलला व्हेरोबोर्डचा (तांब्याच्या समांतर पट्ट्या आणि भोकं असलेल्या बोर्डाचा) वेगळा तुकडा, त्यावर आणखी चार ट्रान्झिस्टर: एक बीडी१३९, एक बीडी१४०, एक बीसी१०७ आणि एक छोटा प्लॅस्टिकचा. डाव्या बोर्डावरच्या प्लॅस्टिकच्या ट्रान्झिस्टरवर बीसी१५७ वाचता येतं, उजव्यावरचा नंबर पुसला गेला आहे.

अजून वीज दिलेली नाही. आधी सर्किट कोणतं ते कळावं, मग पुढे जावं असा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

शून्य_व्होल्ट

वीज दिली नाहीत हे उत्तम केलंत. ट्रेसिंगच्या आधी एवढं करा.

मोठ्या कंडेन्सरवर मीटर लावा. चार्ज शिल्लक असेल तर १०० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर पाच-सहा सेकंद टेकवा आणि परत मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगीने टर्मिनल जळतं आणि कंडेन्सरच्या आतल्या जोडालाही धक्का बसतो. आउटपुटच्या २२०० वाल्यांनाही हेच.

मग मेन्सची बाजू. प्रायमरीत फ्यूज आहे का, अर्थची तार चासीला स्क्रूने घट्ट आहे का, स्विचच्या मागे उघडे टोक आहे का. जुन्या घरगुती सेटमध्ये स्विचला समांतर एखादा कागदी कंडेन्सर सापडतो. तो असेल तर काढूनच टाका. प्रायमरी ते चासी रेझिस्टन्स मीटरच्या सगळ्यात वरच्या रेंजवरही काही दाखवता कामा नये.

तिसरी गोष्ट टीओ-३ च्या खालचा अभ्रक. धातूचं कवच आणि हीटसिंक यांच्यात कंटिन्युइटी नको. चारही तपासा.

हे झालं की दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या बाजूचा फोटो आडवा उलटवून प्रिंट केला की पट्ट्या वरून पाहिल्यासारख्या दिसतात आणि ट्रेसिंग निम्मं सोपं होतं. व्हेरोबोर्डवर पट्ट्या कुठे कापल्या आहेत ती भोकं आधी लाल पेनने खुणा करून ठेवा. एक काप नजरेतून सुटला की पुढचं सगळं चुकतं.

जुनी_सर्किटं

एकच सप्लाय, आउटपुटला कंडेन्सर, प्रत्येक चॅनलला एकाच नंबरचे दोन २एन३०५५. हा ब्रिटिश डिझायनर लिन्स्ली हूडचा १९६९ चा क्लास ए (पॉवर ट्रान्झिस्टरमधून सतत मोठा करंट वाहणारा) असावा. ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात आला होता आणि घरी बनवणाऱ्यांत फार चालला.

मध्यबिंदू

क्लास ए चा अंदाज पटत नाही. त्या मूळ सर्किटमध्ये चॅनलला एकूण चारच ट्रान्झिस्टर आहेत, इथे सहा आहेत. त्यात पीएनपी (एनपीएनच्या उलट ध्रुवतेचा ट्रान्झिस्टर) फक्त इनपुटला असतो, पीएनपी ड्रायव्हर, म्हणजे पॉवर ट्रान्झिस्टरला चालवणारा, नसतोच. आणि ८ ओहमसाठी त्याला २७ व्होल्ट, १.२ अँपिअर सतत लागतात, म्हणजे एका चॅनलची ३२ वॉट उष्णता, गाणं वाजत असो वा नसो. त्या मानाचा हीटसिंक चांगलाच दांडगा लागतो. हीटसिंक केवढा आहे ते सांगा.

पण खरं सांगायचं तर ट्रान्झिस्टरच्या नंबरवरून सर्किट ओळखायला जाऊच नये. नंबर बदललेले असतात, हाताला लागेल तो माल लावलेला असतो. आउटपुटच्या गाठीभोवती तारा कशा जोडल्या आहेत, त्यावरून जात कळते. गाठ म्हणजे स्पीकरच्या कंडेन्सरचं आतलं टोक, दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टर जिथे भेटतात तो बिंदू. पुढे त्याला मध्यबिंदू म्हणतो.

टीओ-३ चं कवच म्हणजे कलेक्टर. म्हणून फक्त दोन कवचं कुठे जातात ते बघा:

एक कवच प्लसला आणि दुसरं मायनसला, दोघांचे एमिटर छोट्या रेझिस्टरमधून मध्यबिंदूला: पूर्ण कॉम्प्लिमेंटरी. इथे एक एनपीएन आणि एक पीएनपी असलाच पाहिजे.

एक कवच प्लसला, दुसरं मध्यबिंदूकडे: दोन्ही एनपीएन. मग हा क्वासी-कॉम्प्लिमेंटरी असेल, नाहीतर ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरवाला, नाहीतर लिन्स्ली हूडसारखा क्लास ए. पैकी कोणता, ते ड्रायव्हर सांगतात.

दोन्ही कवचं मध्यबिंदूकडे: कॉम्प्लिमेंटरी फीडबॅक जोडी. वरचा पॉवर ट्रान्झिस्टर पीएनपी, खालचा एनपीएन.

बाकी सगळं यानंतर.

सोल्डरगन

डावा चॅनल तपासला. एक कवच थेट मोठ्या कंडेन्सरच्या प्लसला. दुसरं कवच ०.४७ ओहमच्या सिरॅमिक रेझिस्टरमधून मध्यबिंदूला. पहिल्याचा एमिटरही ०.४७ ओहममधून मध्यबिंदूलाच येतो. उजवा तसाच. हीटसिंक तळहाताएवढा, पातळ पात्यांचा.

२एन३०५५ बोर्डातच डायोड रेंजवर तपासले तर बेस-एमिटरला दोन्ही दिशांनी ०.१ व्होल्ट दाखवतं. चारही शॉर्ट आहेत का?

मध्यबिंदू

शॉर्ट नाहीत. बेस आणि एमिटरच्या मध्ये १०० ओहमचा रेझिस्टर असणार. मीटर डायोड रेंजवर साधारण १ मिलिअँपिअर सोडतं, १०० ओहममधून ते गेलं की बरोबर ०.१ व्होल्ट दिसतो आणि जंक्शन चालू व्हायला पुरेसा व्होल्टेजच मिळत नाही. बोर्डात असताना बेस-कलेक्टर तपासा. लाल प्रोब बेसला, काळा कवचाला: ०.५ ते ०.६ आला आणि उलट दिशेने तसा जंक्शनचा आकडा आला नाही, तर एनपीएन आणि जंक्शन शाबूत. कलेक्टर-एमिटरला कोणत्याही दिशेने शून्याजवळ आकडा आला तरच शॉर्टची शंका घ्या.

आता त्या दोन ०.४७ ओहमबद्दल, कारण इथे हमखास फसगत होते. दोन समान रेझिस्टर मध्यबिंदूवर भेटताना दिसले की डोळ्यांना कॉम्प्लिमेंटरी जोडी वाटते. पण तुमच्या वरच्या ट्रान्झिस्टरचा रेझिस्टर एमिटरला आहे आणि खालच्याचा कलेक्टरला. म्हणजे खालचाही एनपीएनच, आणि त्याला पीएनपीसारखं वागायला लावणारा कोणीतरी पुढे आहे. तो बीडी१४०. त्याचा एमिटर खालच्या २एन३०५५ च्या कवचाला आणि कलेक्टर त्याच्या बेसला जातो का बघा. वर बीडी१३९ चा एमिटर थेट वरच्या २एन३०५५ च्या बेसला हवा.

तसं निघालं तर हा क्वासी-कॉम्प्लिमेंटरी. लिन या अभियंत्याने १९५६ मध्ये मांडलेली रचना. सिलिकॉनचे चांगले पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर बराच काळ दुर्मीळ आणि महाग होते, म्हणून छोटा पीएनपी आणि मोठा एनपीएन मिळून एक मोठा पीएनपी बनवायचा. साठच्या दशकात आणि सत्तरच्या सुरुवातीला घरी बनवलेले सेट बहुतांश याच वळणाचे असतात.

बेस_एमिटर

बीडी१३९, बीडी१४० च्या पायांची खातरजमा करून घ्या. नंबर आपल्याकडे धरून डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस. बेस मधला समजून ट्रेस केलं की सर्किट अशक्य दिसायला लागतं. टीओ-९२ या छोट्या प्लॅस्टिकच्या कवचात तर आणखी गोंधळ: सपाट बाजू समोर धरली तर बीसी५४७ कलेक्टर-बेस-एमिटर, २एन३९०४ बरोबर उलटा.

पुसलेल्या नंबरचा ट्रान्झिस्टर एक बाजू सोडवून तपासा. ज्या पायाला एक प्रोब ठेवून उरलेल्या दोन्ही पायांना जंक्शन दिसतं तो बेस. तिथे लाल प्रोब असेल तर एनपीएन, काळा असेल तर पीएनपी. दोन आकड्यांपैकी किंचित मोठा आकडा एमिटरचा. ०.६ च्या आसपास असेल तर सिलिकॉन, ०.२ ते ०.३ असेल तर जर्मेनियम. युरोपीय नंबरात पहिलं अक्षर ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. दुसरं अक्षर सी म्हणजे ऑडिओचा छोटा, डी म्हणजे ऑडिओचा पॉवर. जपानी नंबरात २एसए आणि २एसबी पीएनपी, २एससी आणि २एसडी एनपीएन, आणि अंगावर पुष्कळदा पुढचं ‘२एस’ छापलेलंच नसतं. २एन वाल्या नंबरातून मात्र यातलं काहीच कळत नाही, डेटाशीट बघावी लागते.

इलेक्ट्रोलिटिकवर ७४२३ असा चार आकडी कोड असेल तर तो बहुधा १९७४ चा २३ वा आठवडा. मूळच्या भागांतला सगळ्यात नवा कोड बघा, जोडणी त्याच्या आधीची असू शकत नाही. नंतर बदललेला भाग सोल्डरच्या चकाकीवरून आणि उरलेल्या राळेच्या रंगावरून वेगळा दिसतो.

सोल्डरगन

मध्यबिंदू यांनी सांगितलं तसंच निघालं. बीडी१४० चा एमिटर खालच्या कवचाला, कलेक्टर बेसला. पुसलेला ट्रान्झिस्टर पीएनपी, सिलिकॉन. पूर्ण डावा बोर्ड ट्रेस केला:

सप्लायपासून ३३ के (किलो-ओहम), मग ६८ के, मग बीसी१५७ चा बेस. बेसपासून ग्राउंडला ८२ के. ३३ आणि ६८ च्या सांध्यावर ४७ मायक्रोफॅरड ग्राउंडला. बीसी१५७ च्या एमिटरला मध्यबिंदूपासून २.२ के येतो. एमिटरपासून १०० ओहम आणि २२० मायक्रोफॅरड सिरीजमध्ये ग्राउंडला. कलेक्टरला १ के ग्राउंडला आणि तिथूनच बीसी१०७ चा बेस. बीसी१०७ चा एमिटर ग्राउंडला, बेस-कलेक्टरच्या मध्ये १०० पिकोफॅरडची सिरॅमिक चकती. कलेक्टर बीडी१४० च्या बेसला. तिथून १०० ओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) आणि दोन छोटे काचेचे डायोड सिरीजमध्ये, वर बीडी१३९ च्या बेसला. तिथून १.८ के आणि परत १.८ के, सप्लायला. दोन १.८ के च्या सांध्यावरून १०० मायक्रोफॅरड मध्यबिंदूला.

डायोड दोनच आहेत. क्वासीला तीन लागतात असं वाचलं होतं.

मध्यबिंदू

फार सुरेख ट्रेस केलंत. आता ते टप्प्याटप्प्याने वाचू.

इनपुटला एकच ट्रान्झिस्टर, फीडबॅक त्याच्या एमिटरवर. डिफरन्शियल जोडी असती तर सारखे दोन ट्रान्झिस्टर एमिटरला एमिटर लावून दिसले असते. तसे दोन सप्लायच्या नंतरच्या रचनांमध्ये जास्त. बीसी१०७ व्होल्टेज वाढवतो. त्याच्या डोक्यावरचे दोन १.८ के आणि १०० मायक्रोफॅरड म्हणजे बूटस्ट्रॅप: मध्यबिंदू वर गेला की कंडेन्सर त्या सांध्यालाही वर ढकलतो, म्हणून खालच्या १.८ के वरचा व्होल्टेज जवळपास स्थिर राहतो आणि बीडी१३९ ला शिखरावरही पुरेसा करंट मिळतो.

गेन (व्होल्टेज किती पट वाढतो) २.२ के भागिले १०० ओहम अधिक एक, म्हणजे २३.

डायोड मोजून जात ठरवायची पद्धत चांगली आहे, पण मोजायचा असतो दोन ड्रायव्हरच्या बेसमधला व्होल्टेज. क्वासीमध्ये वरून खाली तीन जंक्शन येतात: बीडी१३९, वरचा २एन३०५५ आणि बीडी१४०. म्हणजे साधारण १.८ व्होल्ट. पूर्ण कॉम्प्लिमेंटरी डार्लिंग्टनला (दोन्ही बाजूंना एकामागे एक जोडलेले दोन ट्रान्झिस्टर) चार जंक्शन, २.४ च्या आसपास. दोन्ही बाजूंना फीडबॅक जोडी असेल तर दोनच, १.२ व्होल्ट. तुमच्याकडे दोन डायोड १.४ देतात आणि उरलेले ०.४ प्रीसेटवर पडतात. तीन डायोड आणि वर प्रीसेट लावला असता तर ५ मिलिअँपिअरला बेरीज २.१ च्या पुढे गेली असती आणि पॉवर ट्रान्झिस्टर तापत राहिले असते. म्हणून दोन.

एक पाहून घ्या. डायोडांपैकी एखादा हीटसिंकला चिकटवलेला आहे का? जंक्शनचा व्होल्टेज अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतो. डायोड बोर्डावर गारच राहिला तर ट्रान्झिस्टर तापल्यावर करंट वाढत जातो.

शून्य_व्होल्ट

वीज देताना मेन्सच्या लाइनमध्ये ६० किंवा १०० वॉटचा तंतूचा बल्ब सिरीजमध्ये. एलईडीचा चालणार नाही, कारण इथे तंतूचा वाढता रेझिस्टन्सच उपयोगी पडतो. स्पीकर लावू नका. इनपुट शॉर्ट करा. दोन्ही प्रीसेट कमीत कमी रेझिस्टन्सवर. एका चॅनलचा सप्लाय सोडवून ठेवा, एका वेळी एकच चॅनल.

बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लखलखीत राहिला तर लगेच बंद.

काळा प्रोब क्लिपने ग्राउंडला कायमचा अडकवा आणि एका हाताने मोजा. लाल प्रोबच्या टोकावर स्लीव्ह चढवून फक्त २ मिलिमीटर उघडं ठेवा. व्हेरोबोर्डच्या पट्ट्या २.५४ मिलिमीटरवर असतात. प्रोब घसरून बीडी१३९ चा कलेक्टर आणि बेस एकत्र टेकले, तर वरचा २एन३०५५ तिथेच जातो.

बऱ्याच वर्षांनी वीज मिळते आहे, तेव्हा बल्बवरच अर्धा तास राहू द्या. इलेक्ट्रोलिटिकचा ऑक्साइड थर हळूहळू परत जमतो. मोठा कंडेन्सर हाताला कोमट लागला तर बदला.

बेस_एमिटर

वरच्यात एक पुरवणी. काही जुन्या क्वासी सर्किटमध्ये स्पीकरचं दुसरं टोक ग्राउंडऐवजी प्लस सप्लायला असतं आणि बूटस्ट्रॅपचा करंट स्पीकरमधूनच येतो. तिथे स्पीकर काढला तर व्होल्टेज ॲम्प्लिफायरला करंटच मिळत नाही, मध्यबिंदू जागेवर राहत नाही आणि चांगला बोर्ड बिघडलेला वाटतो. इथे दोन १.८ के सप्लायला जातात, म्हणून ती अडचण नाही. पण दुसऱ्या सेटवर हीच पद्धत वापरण्याआधी स्पीकरची काळी तार कुठे जाते ते बघून घ्या, आणि ती प्लसला जात असेल तर स्पीकरच्या जागी ८ ओहमचा जाड रेझिस्टर लावून मोजा.

सोल्डरगन

दोन्ही चॅनल आळीपाळीने तपासले. बल्ब पेटून मंद झाला. तो काढून, फ्यूज घालून मोजलं. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी २८ व्होल्ट एसी, सप्लाय ३८ व्होल्ट.

डावा: बीसी१५७ चा बेस १७.४, एमिटर १८, मध्यबिंदू १९.५ व्होल्ट. ड्रायव्हरच्या बेसमधला फरक प्रीसेट फिरवून १.८२ पर्यंत आणला, तेव्हा ०.४७ ओहमवर १४ मिलिव्होल्ट.

उजवा: बेस १७.४, एमिटर १८, पण मध्यबिंदू २६.१ व्होल्ट. प्रीसेट डाव्याइतकाच फिरवूनही ०.४७ ओहमवर १ मिलिव्होल्टसुद्धा येत नाही. सगळे ट्रान्झिस्टर काढून तपासले, चांगले आहेत.

मध्यबिंदू

डावा चोख आहे. १४ मिलिव्होल्ट भागिले ०.४७ म्हणजे ३० मिलिअँपिअर, याला शोभणारा स्थिर करंट (गाणं नसतानाही पॉवर ट्रान्झिस्टरमधून वाहणारा).

उजव्यात ट्रान्झिस्टरना दोष देऊ नका. बेस आणि एमिटर दोन्ही बरोबर आहेत, म्हणजे बीसी१५७ आपलं काम करतो आहे. एमिटर १८ वर आणि मध्यबिंदू २६.१ वर, म्हणजे २.२ के वर ८.१ व्होल्ट, म्हणजे ३.७ मिलिअँपिअर. डाव्यात तिथे १.५ व्होल्ट, म्हणजे ०.७ मिलिअँपिअर. बीसी१५७ ला लागतात तेवढेच ०.७, कारण त्याच्या कलेक्टरवरच्या १ के वर बीसी१०७ चं एक जंक्शन बसलेलं आहे, तिथे ०.६५ च्या वर व्होल्टेज जाऊच शकत नाही. मग उरलेले ३ मिलिअँपिअर एमिटरपासून दुसरीकडे निघून जात आहेत. तिथून वाट एकच: १०० ओहम आणि २२० मायक्रोफॅरड. डीसीला ती वाट बंद असायला हवी.

त्या १०० ओहमच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा. शून्य हवा. माझ्या हिशेबाने ०.३ येईल. आणि कंडेन्सरवर किती व्होल्टचा शिक्का आहे तेही वाचा.

सोल्डरगन

बरोबर ०.३ व्होल्ट. डाव्यात शून्य. कंडेन्सरवर २२० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट असं आहे, दोन्ही चॅनलमध्ये.

मध्यबिंदू

मग कारण सापडलं. त्या जागी कायम १८ व्होल्ट असतात आणि तिथे १६ व्होल्टचा कंडेन्सर बसवला आहे. इतकी वर्षं रेटिंगच्या वर चालून तो गळायला लागला. ३ मिलिअँपिअर गुणिले २.२ के म्हणजे ६.६, ते डाव्याच्या १९.५ मध्ये मिळवा: २६.१. आकडा जुळतो. डावा अजून गळत नसला तरी दोन्ही बदला, ३५ व्होल्टचे घाला. प्लस १०० ओहमकडे.

मध्यबिंदू वर सरकल्यामुळे वरच्या बाजूला १२ व्होल्टच उरतात, म्हणून आवाज थोडा वाढवताच लाटेचा माथा कापला जातो. आणि स्थिर करंट का नाही, त्याचं उत्तरही यातच आहे. दोन १.८ के मिळून ३.६ के. त्यांच्यावर डाव्यात १८ व्होल्टच्या जवळपास पडतात, म्हणजे ५ मिलिअँपिअर. उजव्यात जेमतेम ११, म्हणजे ३ मिलिअँपिअर. प्रीसेटवर पडणारा व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरला आणि पॉवर ट्रान्झिस्टर बंद राहिले.

म्हणून कळकळीने सांगतो: कंडेन्सर बदलण्याच्या आधी उजवा प्रीसेट परत कमीत कमीवर आणा. आताच्या जागेवर, किंवा करंट आणण्यासाठी आणखी वाढवून ठेवलात आणि नवा कंडेन्सर लावून वीज दिलीत, तर ३ चे ५ मिलिअँपिअर होतील आणि स्थिर करंट एकदम कित्येक पट वर जाईल. विकृती ऐकून प्रीसेट पूर्ण फिरवायचा आणि नंतर मूळ दोष काढायचा, या क्रमाने पुष्कळ २एन३०५५ गेले आहेत.

शून्य_व्होल्ट

प्रीसेटचा मधला पाय एका टोकाला जोडलेला आहे का, तेही आत्ताच बघा. इथे प्रीसेट डायोडांच्या सिरीजमध्ये आहे. मधल्या पायाचा संपर्क सुटला आणि तो टोकाला जोडलेला नसेल, तर साखळीच तुटते, दोन बेसमधला व्होल्टेज मोकाट वाढतो आणि दोन्ही पॉवर ट्रान्झिस्टर एकदम उघडून सप्लाय शॉर्ट करतात. जोडलेला असेल तर फार तर पूर्ण १०० ओहम होतात, म्हणजे ५ मिलिअँपिअरला अर्धा व्होल्ट. तापेल, पण फ्यूज जायला वेळ मिळेल.

ज्या सर्किटमध्ये डायोडांच्या जागी ट्रान्झिस्टर आणि प्रीसेट असतो, तिथे प्रीसेट बेस-एमिटरच्या बाजूला हवा. तिथे संपर्क सुटला तर व्होल्टेज उतरतो. बेस-कलेक्टरच्या बाजूला असेल तर संपर्क सुटताच वर जातो. असा बोर्ड हाती आला तर जागा बदलून घ्या.

सोल्डरगन

डाव्यात मधला पाय जोडलेला आहे. उजव्यात नाही, तिथे फक्त मधला आणि एक टोकाचा पाय वापरले आहेत. जोडून घेतला. दोन्ही प्रीसेट नवे घातले, बंद डबीचे. २२० चे दोन्ही कंडेन्सर ३५ व्होल्टचे. प्रीसेट कमीत कमीवर ठेवून बल्बवरून परत सुरुवात केली.

उजवा आता: मध्यबिंदू १९.४, १०० ओहमवर शून्य, बेसमधला फरक १.८१, ०.४७ ओहमवर १३ मिलिव्होल्ट. वीस मिनिटांनी दोन्ही चॅनल १५ वर स्थिर. हीटसिंक कोमट. डायोडांपैकी एक लांब पायांनी हीटसिंकच्या पात्याला चिकटवलेला आहेच, दोन्हीकडे.

आउटपुटला समांतर १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड दिसतात, उजव्यातला १० ओहम करपलेला आहे. वॉट किती धरायचे?

मध्यबिंदू

सप्लाय ३८, म्हणजे मध्यबिंदूपासून प्रत्येक बाजूला १९. ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टरमध्ये ३ जातात असं धरा, शिखर १६ व्होल्ट. वर्ग २५६, भागिले १६, म्हणजे ८ ओहममध्ये १६ वॉट. दोन्ही चॅनल जोरात चालले की सप्लाय ३४ पर्यंत बसेल, तेव्हा १२. पूर्ण आवाजाला इनपुट अर्धा व्होल्ट लागेल.

२२०० मायक्रोफॅरड ८ ओहमला ९ हर्ट्झपर्यंत खाली नेतो. ४ ओहमचे स्पीकर लावलेत तर १८ हर्ट्झ. तेही चालेल, पण उष्णता दुप्पट होते आणि हा हीटसिंक ती पेलणार नाही. ८ ओहमच ठेवा.

करपलेला १० ओहम म्हणजे तो चॅनल कधीतरी उंच फ्रीक्वेन्सीवर ऑसिलेट झालेला आहे, म्हणजे आपणच लाट काढत राहिलेला आहे. ऐकू येणाऱ्या फ्रीक्वेन्सीला त्या रेझिस्टरमधून नगण्य करंट जातो, तो गाण्याने करपत नाही. १० ओहम १ वॉटचा कार्बन फिल्म लावा, वायरवाउंड नको. उजव्यातले २एन३०५५ डाव्यापेक्षा नवे आहेत का?

सोल्डरगन

हो. उजव्यातल्या दोन्हींवरची छपाई वेगळी आहे, अभ्रकाखालची पेस्टही पांढरी आणि ताजी. डाव्यातली पिवळी पडून सुकली आहे.

मध्यबिंदू

म्हणजे उजवे नंतर बदललेले. मूळ पद्धतीने बनलेला २एन३०५५ फार मंद होता, त्याची ट्रान्झिशन फ्रीक्वेन्सी (जिथे करंट वाढवण्याची ताकद संपते ती) ०.८ मेगाहर्ट्झच्या आसपास. पुढे त्याच नंबराने एपिटॅक्सियल पद्धतीचे यायला लागले, ते २.५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जलद. नंबर तोच, स्वभाव वेगळा. मंद ट्रान्झिस्टर धरून जुळवलेला बोर्ड जलद ट्रान्झिस्टरवर कधीकधी ऑसिलेट होतो.

ऑसिलोस्कोप असेल तर स्पीकरच्या जागी ८ ओहमचा जाड रेझिस्टर लावून १ किलोहर्ट्झची साइन बघा. लाटेच्या खालच्या अर्ध्यावर धुरकट जाडी दिसली तर तेच. खालचा अर्धा, कारण बीडी१४० आणि खालचा २एन३०५५ यांचं आपसांतलं फीडबॅक वळण तिथे आहे. नसेल तर स्थिर करंटवर लक्ष ठेवा: इनपुटची केबल लावताना किंवा काढताना १५ मिलिव्होल्टचे एकदम ४०-५० झाले, तर संशय पक्का.

उपाय: बीडी१४० च्या बेस-कलेक्टरला १०० पिकोफॅरड, पाय शक्य तितके आखूड. पुरला नाही तर बीसी१०७ वरचा १०० पिकोफॅरड १५० करा, त्याहून मोठा लगेच नको. आणि इनपुटची ग्राउंड मोठ्या कंडेन्सरच्या मायनसला स्वतंत्र तारेने न्या, स्पीकरच्या परतीच्या तारेत मिसळू देऊ नका. डाव्यातली सुकलेली पेस्टही याच वेळी बदलून घ्या, अभ्रक मात्र तोच ठेवा, जर त्याला चीर नसेल तर.

सोल्डरगन

इनपुट केबल काढली की उजव्यात १५ चे ४६ मिलिव्होल्ट होत होते. बीडी१४० वर १०० पिकोफॅरड लावल्यावर १५ वरून हलत नाही. १० ओहम गार. पेस्ट बदलली, कवच ते हीटसिंक चारही ठिकाणी ओपन. पूर्ण सर्किट मोजलेल्या व्होल्टेजसह कागदावर काढून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवतो आहे.

बेस_एमिटर

त्या कागदावर उजव्यातला बीडी१४० वरचा नवा कंडेन्सर आणि २२० चे ३५ व्होल्ट वेगळ्या रंगात दाखवा. बोर्ड पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती गेला, तर मूळचं काय आणि नंतरचं काय हे त्याला कळायला हवं.